हवा बिघडवणारा स्रोत ओळखावा कसा आणि थांबवावा कसा : मुंबई महानगर प्रदेशातील रहिवाशांसाठी

पावसाळा सरला, की ऑक्टोबरच्या मध्यापासून मुंबई, ठाणे, नवी मुंबई, कल्याण-डोंबिवली, भिवंडी आणि वसई-विरार या पट्ट्यात सकाळचे क्षितिज करडे दिसू लागते. मग कोणी वाहनांकडे बोट दाखवतो, कोणी बांधकामांकडे, कोणी कारखान्यांकडे. ही सारी कारणे खरी आहेत, पण ती सर्व ठिकाणी आणि सर्व वेळी सारख्या प्रमाणात खरी नसतात. घोडबंदर रस्त्यालगत राहणाऱ्याचा त्रास, देवनारच्या कचराभूमीजवळच्या वस्तीचा त्रास आणि डोंबिवली औद्योगिक वसाहतीशेजारचा त्रास यांना एकच औषध लागू पडत नाही. म्हणून उपाय निवडण्याआधी आपल्या भागात कोणत्या तासाला, कोणत्या दिशेचा वारा असताना, कोणता प्रदूषक वाढतो हे लिहून काढणे, ही या कामातील पहिली आणि माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित पायरी आहे.

हवेचेही पाणलोट क्षेत्र असते

डोंगरमाथ्यावर पडलेले पाणी गावाची शीव पाहून वाहत नाही, हे कोणत्याही शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. हवेचेही तसेच आहे. पश्चिमेला अरबी समुद्र, पूर्वेला सह्याद्रीची भिंत आणि मध्ये ठाणे व वसईच्या खाड्या आणि उल्हास नदीचे खोरे, अशी या प्रदेशाची ठेवण आहे. दिवसा जमीन तापल्यावर समुद्राकडून खारे वारे येतात आणि रात्री जमीन निवल्यावर मतलई वारे समुद्राकडे वाहतात, हे आपण शाळेत शिकलो. हिवाळ्यातील प्रदूषण समजून घेण्यासाठी तेच ज्ञान उपयोगी पडते. हिवाळी रात्री जमिनीलगतची हवा थंड होते आणि तिच्यावर उबदार हवेचे झाकण बसते, त्यामुळे धूर व धूळ वर चढू शकत नाहीत. मंद मतलई वारे भिवंडी, कल्याण, तळोजा या बाजूचा धूर किनाऱ्याकडे आणतात आणि दुपारी, कधी कधी बऱ्याच उशिरा, खारे वारे सुरू झाले की तीच मळलेली हवा पुन्हा बदलापूर-कर्जतकडे ढकलली जाते. या प्रदेशात नऊ महानगरपालिका आहेत, पण हवा मात्र एकच आहे. दिल्ली परिसरासाठी २०२१ च्या कायद्याने स्वतंत्र आयोग नेमला गेला. तशी सर्व पालिकांच्या वर असलेली अधिकारसंपन्न यंत्रणा येथे नाही, म्हणून शेजारच्या पालिकेच्या हद्दीतील धुराविषयीही आपल्यालाच पाठपुरावा करावा लागतो.

नोंदवही कशी ठेवावी

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ‘समीर’ या अॅपवर आणि मंडळाच्या संकेतस्थळावर जवळच्या मोजणी केंद्राचे आकडे दिसतात. ठळक अक्षरांत दिसणारा हवा गुणवत्ता निर्देशांक बहुतेक प्रदूषकांसाठी २४ तासांच्या सरासरीवर काढलेला असतो. पहाटे कोणी टायर जाळला तर तो त्या एका आकड्यात विरून जातो. त्यामुळे निर्देशांकावर न थांबता तासागणिक दिसणारे प्रत्येक प्रदूषकाचे प्रमाण पाहावे. आणखी एक खबरदारी आवश्यक आहे. काही खासगी अॅप अमेरिकेची मोजपट्टी वापरतात. एका घनमीटर हवेत पीएम २.५ चे, म्हणजे हवेत तरंगणाऱ्या अतिबारीक कणांचे, ६० मायक्रोग्रॅम असतील, तर भारतीय मोजपट्टीवर निर्देशांक १०० येतो आणि हवा ‘समाधानकारक’ ठरते. अमेरिकी मोजपट्टीवर तीच हवा दीडशेच्या पुढे जाते. दोन अॅपचे आकडे एकाच तक्रारीत मिसळले, तर समोरचा अधिकारी त्या विसंगतीवरच बोट ठेवतो.

पीएम १० म्हणजे १० मायक्रॉन किंवा त्याहून लहान व्यासाचे सर्व कण आणि पीएम २.५ म्हणजे त्यांतील अडीच मायक्रॉनपर्यंतचे बारीक कण. माणसाचा केस साधारण ५० ते ७० मायक्रॉन जाड असतो. रस्त्याची, सिमेंटची, खडीची धूळ मुख्यतः मोठ्या कणांची असते, तर जळण्यातून निघणारे कण बारीक असतात. म्हणून एक सोपा भागाकार दररोज करावा : पीएम २.५ ला पीएम १० ने भागावे. उत्तर ०.४ पेक्षा कमी येत असेल, तर त्या तासाला धुळीचा वाटा मोठा आहे असे समजावे, ०.६ च्या वर जात असेल, तर काहीतरी जळत आहे किंवा दूरवरचा जुना धूर साचला आहे. हा अंदाज आहे, पुरावा नव्हे, पण शोध कोणत्या दिशेने घ्यायचा हे त्यावरून ठरते. नायट्रोजन डायऑक्साइड सकाळी आणि संध्याकाळी गर्दीच्या वेळी चढत असेल तर वाहनांकडे पाहावे. सल्फर डायऑक्साइड वाढत असेल तर कोळसा किंवा फर्नेस ऑइल जाळणाऱ्या ठिकाणाकडे पाहावे. ओझोन भर दुपारी वाढतो. तो कोणत्याही धुरांड्यातून निघत नाही, वाहनांचे व रसायनांचे वायू उन्हात एकत्र आल्यावर तयार होतो.

नोंदवहीत पाच रकाने पुरतात : दिनांक व वेळ, वाऱ्याची दिशा, वास, डोळ्यांना दिसलेले दृश्य आणि जवळच्या केंद्राचा त्या तासाचा आकडा. वाऱ्याची दिशा कळण्यासाठी गच्चीवर बांधलेली एखादी हलकी पताका पुरेशी आहे. सोसायटीने स्वस्त संवेदक घेतला असेल, तर तो आधी आठवडाभर सरकारी केंद्राच्या शक्य तितक्या जवळ ठेवून दोन्हींचे आकडे ताडून पाहावेत. कोकणातील दमट हवेत असे संवेदक पाण्याच्या सूक्ष्म थेंबांनाही कण समजतात आणि धुक्याच्या सकाळी प्रत्यक्षापेक्षा जास्त आकडा दाखवतात.

या वहीचा उपयोग मी स्वतः अनुभवला आहे. आमच्या वसाहतीने दोन हिवाळे ‘परिसरात धूर येतो’ एवढीच तक्रार केली आणि तिचे काहीही झाले नाही. तिसऱ्या वर्षी आम्ही आठ जणांनी पाळ्या लावून तीन आठवडे नोंदी ठेवल्या. जळक्या रबराचा वास फक्त पहाटे साडेतीन ते साडेपाच या वेळेत आणि फक्त पूर्वेचा वारा असताना येतो, हे त्यातून दिसले. त्या दिशेला चालत गेल्यावर भंगाराच्या एका गोदामामागे तांबे काढण्यासाठी वायरी जाळल्या जात असल्याचे आढळले. वेळ, दिशा आणि जागा लिहून दिलेली तक्रार हातात पडल्यावर त्याच कार्यालयाचा माणूस पहाटे पाहणीला आला.

धूळ

भागाकाराचे उत्तर धुळीकडे बोट दाखवत असेल, तर आसपासची बांधकामे, खोदलेले रस्ते आणि रेडी मिक्स काँक्रीटचे प्रकल्प यांची यादी करावी. मुंबई महानगरपालिकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये बांधकामांसाठी सविस्तर सूचना काढल्या. त्याच महिन्याच्या अखेरीस मुंबई उच्च न्यायालयानेही शहराच्या हवेची स्वतःहून दखल घेतली. त्या सूचनांनुसार ७० मीटरपेक्षा उंच इमारतींच्या आणि एक एकरापेक्षा मोठ्या प्रकल्पांच्या भोवती ३५ फूट उंचीचे पत्रे आणि एक एकरापेक्षा लहान जागेवर २५ फुटांचे पत्रे लावणे, बांधली जाणारी इमारत हिरवे कापड, ताग किंवा ताडपत्रीने सर्व बाजूंनी झाकणे, पाणी फवारणे, माल पूर्ण झाकून नेणे आणि बाहेर पडणाऱ्या वाहनांची चाके धुणे बंधनकारक आहे. अन्य पालिकांच्या अटी थोड्या वेगळ्या असू शकतात, म्हणून आपल्या पालिकेचा आदेश आधी मिळवावा आणि त्यातील एकेका अटीसमोर ‘पाळली’ किंवा ‘नाही’ असे लिहून छायाचित्र जोडावे. माझ्या अनुभवाने पत्र्यांपेक्षा चाके धुण्याची अट अधिक महत्त्वाची आहे, कारण डंपरच्या टायरांना चिकटलेली माती पुढे पार हमरस्त्यापर्यंत पसरते आणि तिथे प्रत्येक गाडी तिला दिवसभर पुन्हा पुन्हा उडवत राहते.

रस्त्याची धूळ ही अशीच पुन्हा पुन्हा उडणारी धूळ आहे. कोरड्या झाडूने ती उचलली जात नाही, हवेत मात्र मिसळते. त्यामुळे झाडण्यापूर्वी हलका पाण्याचा मारा करावा किंवा ओढून घेणारे यंत्र वापरावे, अशी मागणी प्रभाग कार्यालयाकडे करावी. जिथे चर खोदून नुसती माती ढकलली आहे आणि जिथे रस्त्याची कड कच्ची आहे, त्या जागा नकाशावर खुणा करून द्याव्यात, कारण पाणी मारणे हा तासाभराचा उपाय आहे आणि कड पक्की करणे किंवा तिथे गवत लावणे हा अनेक वर्षांचा.

घराच्या दुरुस्तीचे कामही यातून सुटत नाही. लादी कापताना पात्यावर पाणी सोडण्याची अट ठेकेदाराला कामाआधीच घालावी, आणि राडारोडा खाडीकाठी किंवा रस्त्याकडेला टाकणाऱ्या टेम्पोच्या हवाली न करता पालिकेच्या संकलन सेवेकडे द्यावा.

जळणे

बारीक कणांचा प्रश्न मुख्यतः जळण्याचा आहे, आणि आरोग्यासाठी तोच अधिक गंभीर आहे, कारण हे कण फुप्फुसाच्या अगदी आतल्या वायुकोशांपर्यंत पोहोचतात. भारताच्या २००९ च्या मानकांनुसार पीएम २.५ ची वार्षिक मर्यादा ४० मायक्रोग्रॅम आहे; जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुचवलेली पातळी ५ आहे. आपली मर्यादा पाळली गेली म्हणजे हवा निर्धोक झाली, असा त्याचा अर्थ होत नाही.

सर्वांत जवळचा स्रोत बहुधा आपल्याच आवारात असतो. झाडलेला पालापाचोळा पेटवणे, थंडीत रखवालदाराने लाकडाच्या तुकड्यांबरोबर प्लास्टिकही घालून शेकोटी करणे, हे प्रत्येक वसाहतीत घडते. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने डिसेंबर २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळण्यासाठी ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५,००० रुपये भरपाई ठरवली आहे. पण रखवालदाराला दंडाची भीती घालण्याऐवजी त्याला जाड स्वेटर, घोंगडी आणि दारे-खिडक्या नीट बंद होणारी केबिन द्यावी. रात्रभर उघड्यावर बसणाऱ्या माणसाने थंडीचे काय करायचे, याचे उत्तर सोसायटीने दिलेच पाहिजे. पालापाचोळ्यासाठी आवाराच्या कोपऱ्यात विटांचा जाळीदार हौद बांधावा, पाने थोडी ओली ठेवावीत, मधूनमधून शेणकाला शिंपडावा आणि पंधरवड्यातून एकदा खाली-वर करावीत. काही महिन्यांत खत तयार होते.

कचराभूमी पेटली की प्रश्न वसाहतीच्या आवाक्याबाहेर जातो. जानेवारी २०१६ मध्ये देवनारला लागलेल्या आगीचा धूर उपग्रहाच्या छायाचित्रात दिसला होता. अशा आगीचे मूळ बहुतेकदा ओल्या कचऱ्यात असते, कारण तो दडपून कुजला की मिथेन वायू तयार होतो. ओला कचरा घरीच वेगळा करून आवारात जिरवणे, हा म्हणूनच हवेचाही उपाय आहे.

बेकऱ्यांचा धूर हा मुंबईचा जुना प्रश्न आहे. पाव लाकडाच्या भट्टीत भाजला जातो आणि जळण म्हणून जुन्या फर्निचरचे, रंग व प्लायवूड असलेले तुकडे स्वस्तात मिळतात. त्यांतील डिंक आणि रंग जळून विषारी वायू निघतात. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अशा बेकऱ्या व कोळशाच्या तंदूर भट्ट्या सहा महिन्यांत गॅस किंवा अन्य स्वच्छ इंधनावर नेण्याचा आदेश दिला. आपल्या भागातील बेकरीची भट्टी अजून लाकडावर असेल, तर मालकाशी आधी बोलावे. अडचण बहुधा इच्छेची नसते, गॅसवाहिनी गल्लीपर्यंत न पोहोचण्याची किंवा नव्या भट्टीच्या भांडवलाची असते, आणि त्या बाबतीत रहिवाशांनी गॅस कंपनीकडे व पालिकेकडे संयुक्त मागणी केल्यास तिचे वजन पडते. स्मशानभूमीतील लाकडी चितांबाबतही हाच मार्ग आहे : गॅसदाहिनी किंवा विद्युतदाहिनी चालू स्थितीत आहे की नाही, हे आधी पाहावे.

कारखान्यांच्या बाबतीत महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचे संमतीपत्र हा तुमचा मुख्य आधार आहे. १९८१ च्या वायू प्रदूषण कायद्याखाली दिलेल्या या पत्रात कोणते इंधन जाळता येईल, धुरांड्याची उंची किती असावी आणि उत्सर्जनाची मर्यादा किती, हे लिहिलेले असते. अनेक संमतीपत्रे मंडळाच्या संकेतस्थळावर पाहता येतात. न सापडल्यास माहितीच्या अधिकारात मागावीत. भिवंडीच्या सायझिंग (सुताला खळ देणाऱ्या) किंवा डाइंग (कापड रंगवणाऱ्या) युनिटच्या बॉयलरमध्ये चिंध्या किंवा प्लास्टिक जळत असेल, तर काळ्या धुराचे छायाचित्र एवढेच पुरेसे नसते. परवानगी असलेले इंधन आणि प्रत्यक्ष जळणारे इंधन यांतील फरक दाखवता आला, तर कारवाई टाळणे कठीण जाते. २००९ च्या केंद्रीय पाहणीत डोंबिवली, नवी मुंबई आणि तारापूर यांची नोंद अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांत झाली होती, म्हणजे या तक्रारी करणारे तुम्ही पहिले नाही.

शहराच्या कडेला, भिवंडी, कल्याण, कर्जत, पनवेलच्या बाजूला, पावसाळा संपताच वीटभट्ट्या पेटतात. त्यांच्या विटा शहरातच विकल्या जातात, म्हणून त्यांच्यावर शहरातून परिणाम करता येतो. सोसायटीचा पुनर्विकास होत असेल, तर करारनाम्यातच औष्णिक वीजकेंद्राच्या राखेपासून केलेल्या विटा किंवा हलके ठोकळे वापरण्याची अट घालावी. भाजण्याची गरज नसलेली प्रत्येक वीट म्हणजे तेवढा कोळसा आणि तेवढा तूस न जळणे होय.

आणि मग येतो राब. ठाणे, पालघर आणि रायगड जिल्ह्यांत भाताची रोपे टाकण्याआधी वाफ्यावर शेण, तोडलेल्या फांद्या, पालापाचोळा आणि माती यांचे थर रचून उन्हाळ्यात ते जाळतात. शेतकरी हे अडाणीपणाने करतो असे शहरातील माणसाने मुळीच समजू नये : भाजल्यामुळे तणाचे बी मरते, कीड कमी होते, माती भुसभुशीत होते आणि राखेतून पालाश मिळते. हे चारही लाभ अन्य मार्गाने मिळत असतील, तरच राब सुटेल. गादीवाफे करून त्यांवर चांगले कुजलेले खत घालणे, पेरणीआधी एकदा पाणी देऊन तण उगवू देणे आणि ते उपटून मग बी टाकणे, किंवा कडक उन्हात ओल्या वाफ्यावर पारदर्शक प्लास्टिक कागद काही आठवडे अंथरून माती तापवणे, हे पर्याय आहेत. नेरळ येथील शेतकरी चंद्रशेखर भडसावळे यांनी विकसित केलेले सगुणा राईस तंत्र याहून पुढे जाते. त्यात कायमच्या गादीवाफ्यावर लोखंडी साच्याने छिद्रे पाडून भाताचे बी थेट टोकले जाते. नांगरणी, चिखलणी आणि लावणी होत नाही, रोपवाटिकाच नसल्याने राबाचा प्रश्न उरत नाही. तण आवरण्यासाठी त्यात तणनाशक वापरावे लागते, हे मान्य करूनच गावाने निर्णय घ्यावा; एका हंगामात दोन-तीन गुंठ्यांवर करून पाहिल्यास मोठ्या नुकसानीचा धोका राहत नाही.

वाहने

वाहनांबाबत वाचकाला बरेच ठाऊक असते, म्हणून एवढेच सांगतो. पीयूसी चाचणीत पेट्रोल गाडीचे कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोकार्बन आणि डिझेल गाडीच्या धुराची घनता तपासतात. बारीक कण मोजले जात नाहीत, म्हणून प्रमाणपत्र असलेली जुनी डिझेल गाडीही बारीक कण सोडत असते. १ एप्रिल २०२० पासून नव्या गाड्यांना भारत स्टेज ६ मानक लागू आहे, त्यामुळे सोसायटीचा पाण्याचा टँकर, शाळेची बस आणि मालाचा टेम्पो यांचे कंत्राट देताना गाडी त्या मानकाची, सीएनजीवरील किंवा विजेवरील असावी, अशी अट घालणे हे एकेकट्या रहिवाशाने गाडी बदलण्यापेक्षा लवकर फळ देते. शाळेच्या फाटकाशी इंजिन बंद ठेवण्याचा नियम तर आजच लागू करता येईल.

तक्रार कशी लिहावी

तक्रार भावनेने भरलेली नसावी, नोंदीने भरलेली असावी. नमुना असा : ‘दिनांक अमुक, पहाटे ४.१० ते ५.०५, वारा पूर्वेकडून मंद, जळालेल्या रबराचा वास, ठिकाण अमुक गोदामाची मागील बाजू, स्थानदर्शक छायाचित्र जोडले आहे. मागील २१ दिवसांत अशी ९ वेळा नोंद झाली असून त्याचा तक्ता सोबत आहे. पहाटे ४ ते ५ या वेळेत पाहणी करावी, ही विनंती.’ शेवटचे वाक्य सर्वांत उपयोगी आहे, कारण दुपारी बारा वाजता झालेल्या पाहणीत ‘काही आढळले नाही’ असा शेरा पडून प्रकरण बंद होते. कचरा, राडारोडा आणि बांधकामासाठी मुंबईत १९१६ हा क्रमांक किंवा प्रभाग कार्यालय, उद्योगांसाठी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचे उपप्रादेशिक कार्यालय. स्रोत शेजारच्या पालिकेत असेल तर दोन्ही पालिकांना एकच पत्र द्यावे. तक्रार क्रमांक वहीत लिहावा आणि पंधरा दिवसांनी त्याच क्रमांकाचा उल्लेख करून स्मरणपत्र पाठवावे.

२०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाखाली आणि पंधराव्या वित्त आयोगाच्या अनुदानातून शहरांना हवेसाठी निधी मिळाला आहे. आपल्या पालिकेने तो कशावर खर्च केला, हे विचारण्याचा अधिकार प्रत्येक नागरिकाला आहे. खर्च हवेत पाणी उडवणाऱ्या तोफांवर आणि हवा गाळणाऱ्या मनोऱ्यांवर होत असेल, तर हरकत नोंदवावी. मोकळ्या हवेला भिंती नसतात. मनोऱ्याने गाळलेली हवा काही अंतरावरच पुन्हा मळक्या हवेत मिसळते, आणि त्याच पैशात कित्येक भट्ट्या गॅसवर नेता येतात.

दरम्यान दमा किंवा हृदयविकार असलेल्यांनी हिवाळ्यात पहाटेचे फिरणे दुपारनंतर, खारे वारे सुरू झाल्यावर ठेवावे आणि धुराच्या दिवशी बाहेर जाताना नाकातोंडाशी घट्ट बसणारा एन-९५ मास्क वापरावा. कापडी रुमालाने बारीक कण अडत नाहीत.

उपाय लागू पडला की नाही, हे एका आठवड्याच्या आकड्यावरून ठरवू नये, कारण अवकाळी पावसाची एक सर किंवा दोन दिवसांचा जोराचा वारा हवा कोणत्याही उपायाशिवाय स्वच्छ करतो. वहीतील तेच तास आणि तीच वाऱ्याची दिशा निवडून पुढील वर्षीच्या त्याच पंधरवड्याशी तुलना करावी. पूर्वेचा वारा असलेल्या पहाटे वास येत नसेल आणि भागाकाराचे उत्तरही खाली आले असेल, तर तो रकाना बंद करून पुढच्या स्रोताचे पान उघडावे.